रेडिएटर फुटतो, गिअरबॉक्स मरतो

सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. इंजिन छान चालतं, एसी गार आहे, टायरही बरे आहेत. काही आठवड्यांनी साठ-सत्तरच्या वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, गाडी थरथरायला लागते. रस्ता गुळगुळीत असतो. पाय थोडा दाबला की थरथर थांबते, सैल सोडला की पुन्हा सुरू होते. मालक व्हील बॅलन्सिंग करून घेतो, इंजिन माउंट बदलतो, एखादा स्पार्क प्लगही बदलून बघतो. थरथर तशीच राहते. पुढे एके सकाळी लिव्हर 'डी'वर टाकल्यावर दोन सेकंद काहीच घडत नाही आणि मग गाडी धक्का देऊन निघते. आता गिअरबॉक्सचं तेल काढून बघितलं जातं. लालभडक, पारदर्शक तेल यायला हवं, त्याऐवजी बादलीत पडतो गुलाबी, दुधाळ, फेसाळ द्रव. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, तुमचा रेडिएटर गेलाय."

मालकाला हे पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तक्रार गिअरची आहे. रेडिएटर तर इंजिन थंड ठेवायला असतो आणि बसतो थेट जाळीमागे, गिअरबॉक्सपासून लांब. इंजिन तापलेलं नाही, गाडीखाली पाण्याचा थेंब नाही. मग रेडिएटरच्या बिघाडाने गिअरबॉक्स कसा मरतो? हे कोडं नीट समजून घेणं फायद्याचं आहे, कारण काही हजारांचा रेडिएटर वेळेत बदलला तर लाखाच्या घरात जाणारा गिअरबॉक्स वाचू शकतो.

गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमध्ये कशाला जातं?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडण्या-तोडण्याचं काम ड्रायव्हरच्या डाव्या पायाखालचा क्लच करतो. रूढ ऑटोमॅटिकमध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टरकडे असतं. तेलाने भरलेल्या बंद, गोल कवचात पाती असलेली दोन चाकं समोरासमोर बसवलेली असतात. इंजिनाकडचं चाक फिरलं की ते दुसऱ्या चाकाच्या पात्यांवर तेल फेकतं आणि त्या माऱ्याने दुसरं चाक फिरू लागतं. दोघांमध्ये घट्ट सांधा नसतो, मध्ये फक्त तेल असतं. म्हणून तर सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही.

या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. दोन चाकांच्या वेगातला फरक म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि ती सगळी तेल तापवण्यात खर्च होते. वेग स्थिर झाला की 'लॉक-अप क्लच' नावाचा एक क्लच दोन्ही बाजू घट्ट बांधतो आणि ही गळती थांबवतो. पण शहरातल्या रांगेत किंवा भरल्या गाडीने घाट चढताना लॉक-अपला फारशी संधी मिळत नाही आणि तेल तापतच राहतं.

हे तेल म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, गॅरेजच्या भाषेत एटीएफ. इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये म्हणून ते बहुधा लाल रंगवलेलं असतं. त्याच्यावर कामाचा बोजाही मोठा असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच शक्ती वाहून नेतं. पंपाने दाब दिल्यावर तेच आतले क्लच आवळतं आणि गिअर बदलतं. दात्यांना आणि बेअरिंगना वंगणही तेच पुरवतं आणि या सगळ्यांची उष्णता घेऊन बाहेरही तेच पडतं. साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत ते निवांत काम करतं. त्याच्या बरंच वर तापमान गेलं की ते झपाट्याने काळवंडतं आणि निकामी होतं.

त्याला गार करायला बहुतेक गाड्यांत जवळचाच मार्ग निवडलेला असतो. गिअरबॉक्समधून दोन पाईप निघतात आणि रेडिएटरच्या कडेच्या किंवा तळाच्या टाकीत जातात. टाकीत कूलंटमध्ये बुडालेला एक छोटा धातूचा कूलर असतो. नळीतून किंवा एकावर एक रचलेल्या पोकळ पट्ट्यांतून तेल वाहतं, बाहेरून कूलंट वाहतो. तेल आपली उष्णता कूलंटला देऊन परत गिअरबॉक्सकडे जातं. काही गाड्यांत हीच अदलाबदल गिअरबॉक्सवर बसवलेल्या वेगळ्या चौकोनी कूलरमध्ये होते आणि कूलंटच पाईपने तिथपर्यंत जातो. जागा बदलली तरी तत्त्व तेच.

या रचनेला मी वाईट म्हणणार नाही. हवेवरचा वेगळा कूलर लावण्यापेक्षा तिला जागा कमी लागते. थंड प्रदेशात तर तिचा दुहेरी उपयोग होतो. बर्फाळ सकाळी इंजिनाचा कूलंट आधी तापतो आणि तोच थिजल्यासारखं झालेलं तेल गरम करतो. पण तेल आणि कूलंट यांच्यामध्ये मिलिमीटरभर धातूच असतो, आणि तो किती टिकेल यावर सगळं अवलंबून असतं.

नुकसान होतं गाडी उभी असताना

ही पातळ भिंत अनेक कारणांनी फुटते. कूलंट म्हणजे पाणी, एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण. ही रसायनं कायमची नसतात, काही वर्षांत ती संपतात. मग पाणी धातू खायला मोकळं होतं. त्यात आपल्याकडे कूलंट कमी दिसला की नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. जड पाण्यातले क्षार कूलरच्या पट्ट्यांवर थर करतात आणि क्लोराइड धातूला बारीक छिद्रं पाडतात. शिवाय प्रत्येक वेळी इंजिन तापतं आणि गार होतं तेव्हा धातू ताणला जातो, आखडतो. कूलरची तोंडं रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून बाहेर येतात तिथेही हा ताण येतो. वर्षानुवर्षं हे चाललं की बारीक तडा जातो.

आता तडा गेला, तर कोण कोणात शिरेल? उत्तर दाबावर ठरतं, आणि दाब गाडी चालू आहे की बंद यावर.

इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप तेल ढकलत असतो आणि कूलरमध्ये तेलाचा दाब साधारणपणे कूलंटपेक्षा जास्त असतो. त्यामुळे तेल कूलंटमध्ये जातं आणि एक्स्पान्शन टाकीत तवंग दिसतो. तुम्ही घरी पोचून किल्ली काढता तेव्हा पंप थांबतो आणि तेलाचा दाब तत्काळ शून्यावर येतो. कूलंट मात्र अजून कडक गरम असतो. रेडिएटरचं झाकण त्याला सुमारे १ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाइतक्या जादा दाबाखाली कोंडून ठेवतं. इंजिन निवेपर्यंत हा दाब टिकतो, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. त्या वेळात गरम कूलंट तड्यातून थेट गिअरबॉक्सच्या तेलात झिरपतो.

म्हणूनच हा बिघाड इतका फसवा आहे. कूलंट कमी होतो, पण जमिनीवर डाग पडत नाही. इंजिन तापत नाही, कारण घट थोडी असते आणि कुणीतरी टाकी भरत राहतं. सकाळी गाडी सुरू झाली की रात्री आत गेलेलं पाणी पंप आणि दाते घुसळून काढतात. एटीएफमध्ये घाण तरंगती ठेवणारी द्रव्यं असतात आणि तीच पाण्याचे सूक्ष्म थेंबही धरून ठेवतात. त्यामुळे पाणी तळाशी बसत नाही, सगळं तेलच गुलाबी दुधाळ होतं.

गिअरबॉक्समधला कागद

थोडं पाणी तेलात गेलं तर इतकं काय बिघडतं, असा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. याचं उत्तर गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेट कशाच्या असतात त्यात आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचप्लेटचे अनेक संच असतात. कोणता संच आवळला जातो त्यावर गिअर ठरतो. प्रत्येक संचात एकाआड एक प्लेट असतात: एक नुसती पोलादी आणि एक घर्षणाचं अस्तर लावलेली. हे अस्तर बहुधा कागदाचं असतं. कागद म्हणजे अक्षरशः लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून बनवलेला, राळेत भिजवून भट्टीत कडक केलेला, सच्छिद्र कागद. तो खास गोंदाने पोलादी चकतीवर चिकटवतात. सच्छिद्र असल्यामुळे तो तेल पितो आणि आवळल्यावर सोडतो. तेलात बुडून लाखो वेळा घासला जाऊनही तो टिकतो. मला तर हा कागद म्हणजे गाडीतल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतो.

पण तो तेलासाठी बनवलेला आहे. झाडाच्या तंतूंना पाण्याची ओढ तेलापेक्षा कितीतरी जास्त. तेलात पाणी मिसळलेलं असेल तर कागद ते तेलातून ओढून घेतो, फुगतो, मऊ पडतो. पाणी खाली गोंदापर्यंत पोचतं. भिंतीवर खळीने चिकटवलेलं पोस्टर पहिल्या पावसात जसं कडेपासून सुटत जातं, तसं अस्तर पोलादापासून सुटायला लागतं. फरक इतकाच की इथे तो कागद मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतो आणि सुटलेले तुकडे तेलाबरोबर व्हॉल्व बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन अडकतात.

ती सुरुवातीची थरथर हेच सांगत होती. लॉक-अप क्लचवर सगळ्यात नाजूक काम पडतं. हलक्या पायाने साठ-सत्तरच्या वेगात जाताना त्याला थोडं सरकत, थोडं पकडत काम करावं लागतं. त्यासाठी तेलात घर्षण नेमकं ठेवणारी द्रव्यं असतात. पाण्यामुळे तीच बिघडतात. क्लच पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि आपल्याला थरथर जाणवते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर संगणक लॉक-अप सोडून देतो, म्हणून थरथर थांबते. ही खूण ज्याला माहीत आहे त्याने टायरवर पैसे घालवू नयेत.

पाण्याचा उपद्रव कागदापुरता थांबत नाही. बेअरिंगना गंज चढतो. फेसाळ तेलाने पंपाला पुरेसा दाब देता येत नाही, म्हणून 'डी' टाकल्यावर गाडी थबकते. सोलेनॉइडच्या विजेच्या जोडण्या खराब होतात. आणि पाणी उष्णतेने उडून जाईल या आशेवर बसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाणी १०० अंशाला उकळतं, पण एथिलीन ग्लायकॉल १९७ अंशाला. गिअरबॉक्समध्ये इतकं तापमान येत नाही आणि येऊही नये. पाणी काही प्रमाणात उडेल, ग्लायकॉल मागे राहील.

निस्सानच्या गाड्यांतला गुलाबी मिल्कशेक

या बिघाडाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००५ ते २०१० या मॉडेल वर्षांच्या निस्सान पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांच्या रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरला तडे जाऊ लागले आणि कूलंट ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये शिरू लागला. तिथल्या मालकांनी त्याला नाव दिलं, 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक ऑफ डेथ'. नाव गमतीचं वाटलं तरी त्यांची बिलं हजारो डॉलरची होती. या गाड्यांतल्या पाच गिअरच्या जॅटको गिअरबॉक्समध्ये नियंत्रणाचा संगणकही आतच, व्हॉल्व बॉडीवर, तेलात बसवलेला असतो. त्यामुळे पाण्याने क्लचबरोबर इलेक्ट्रॉनिक्सही जायचे.

कंपनीने रेडिएटरची वॉरंटी वाढवून ८ वर्षे किंवा ८०,००० मैल केली. पुढे सामूहिक दाव्यातल्या तडजोडीनंतर ती १० वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत गेली, पण वाढीव टप्प्यात खर्चाचा ठरावीक वाटा मालकानेच उचलायचा होता. २०१० चं मॉडेल धरलं तरी ती मुदत कधीच संपली. आज अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं स्वस्तात मिळते म्हणून अशी जुनी पाथफाइंडर घेतात. त्यांना माझं सांगणं आहे की रेडिएटर बदलल्याची पावती मागा. ती नसेल तर नव्या रेडिएटरची किंमत सौद्यातून वजा करा आणि पहिल्याच आठवड्यात तो बसवून घ्या. तिथले अनेक मालक रेडिएटरमधला कूलर पूर्ण बाजूला काढून तेलाचे पाईप हवेवर चालणाऱ्या वेगळ्या कूलरला जोडतात. टेक्सास किंवा ॲरिझोनात हा उपाय चोख आहे. मिनेसोटाच्या हिवाळ्यात मात्र तेल गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून तिथे थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्यावा किंवा सरळ नवा रेडिएटर बसवावा.

तेल गुलाबी दिसलं, आता?

पहिली गोष्ट: इंजिन सुरू करू नका. 'गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ' हा विचार सोडा. प्रत्येक किलोमीटरला पाणी कागदात खोल जातं. गाडी टो करताना फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे चारही चाकं जमिनीवरून उचलली जातील. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले भाग वंगणाशिवाय घासतात आणि एका बिघाडात दुसऱ्याची भर पडते.

दुसरी गोष्ट: खरंच गिअरबॉक्सच आहे ना, याची खात्री. कूलंटच्या टाकीत तेल दिसलं की बरेच जण हेड गॅस्केट गेलं असं ठरवून मोकळे होतात आणि इंजिन खोलतात. आधी दोन्ही तेलं बघा. इंजिन ऑइल दुधाळ आणि गिअरबॉक्सचं लाल असेल तर दोष इंजिनाकडचा. इंजिन ऑइल स्वच्छ आणि गिअरबॉक्सचं गुलाबी असेल तर कूलरचा. रंगावरून शंका उरली तर जुनी, कारखान्यांत अजून वापरली जाणारी चाचणी करता येते. धातूची पट्टी सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर तेलाचा एकच थेंब टाकतात. तेल शुद्ध असेल तर थेंब शांतपणे पसरतो. पाणी असेल तर तडतडून बुडबुडे येतात. तेलात हजारात एक भाग पाणी असलं तरी ही चाचणी ते पकडते. चष्मा लावून, गॅरेजमध्येच करावी, घरच्या स्वयंपाकघरात नाही. ग्लायकॉल आहे का हे मात्र प्रयोगशाळाच सांगेल. वंगण तपासणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडेही आहेत आणि छोट्या बाटलीभर नमुन्यावर त्यांचं भागतं. कूलंटमधलं सोडियम किंवा पोटॅशियम तेलात सापडलं तर शंकेला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची आहे, आणि इथे घाईत चूक होते. तेल बदलण्याआधी फुटलेला रेडिएटर काढा. कूलर तसाच ठेवून नवं तेल भरलं तर त्याच रात्री त्यात पुन्हा कूलंट शिरेल. नवा रेडिएटर बसला की मग गिअरबॉक्सचा पॅन उतरवा, फिल्टर बदला आणि पॅनमधलं चुंबक नीट बघा. त्यावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती साधी झीज आहे, प्रत्येक गिअरबॉक्समध्ये असते. काळे-तपकिरी, तंतुमय कण दिसले तर ते क्लचचं अस्तर आहे.

फ्लश की रिबिल्ड

पॅनचा बोल्ट उघडला की सगळं तेल निघतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. टॉर्क कन्व्हर्टर आणि पाईपांत निम्म्याहून जास्त तेल अडकलेलं असतं. ज्या गिअरबॉक्समध्ये दहा लिटर तेल मावतं, त्यातून एका वेळी चार-पाच लिटरच बाहेर येतं. म्हणून एकदा तेल बदलून काम भागत नाही. कूलरकडून परत येणारा पाईप काढून बादलीत सोडतात, इंजिन थोडा वेळ चालवतात, जितकं तेल बाहेर पडलं तितकंच नवं भरतात, आणि बाहेर येणारं तेल स्वच्छ लाल होईपर्यंत हे चालू ठेवतात. दहा लिटरच्या गिअरबॉक्सला वीस-पंचवीस लिटर तेल सहज लागतं. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तेल बदलावं. गिअरबॉक्सच्या उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचंच तेल वापरावं. 'कोणतंही लाल तेल चालतं' असं सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत न्यावी.

कूलंटच्या बाजूचं कामही तितकंच आहे. तेलाने रबरी होस फुगतात आणि मऊ पडतात, तेव्हा ते आणि थर्मोस्टॅट बदलावेत. इंजिन, हीटर आणि टाकी तेल काढणाऱ्या रसायनाने धुवावीत.

मग फ्लशने गिअरबॉक्स वाचतो का? हे पाणी किती वेळ आत होतं यावर ठरतं. पाणी शिरलेलं लगेच कळलं, गाडी फार चालली नाही, थरथर नाही, गिअर नीट पडतात आणि पॅनमध्ये अस्तराचे तंतू नाहीत, तर फ्लश करून बघण्यात अर्थ आहे. थरथर आठवडे-महिने चालू असेल तर अस्तराने पाणी पिऊन झालेलं असतं आणि स्वच्छ तेल भरलं तरी सुटलेला गोंद परत चिकटत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स खोलून सगळे क्लच पॅक, सील आणि सोलेनॉइड तपासून बदलावे लागतात आणि टॉर्क कन्व्हर्टर नवा किंवा रिबिल्ट घ्यावा लागतो. जुना कन्व्हर्टर धुऊन परत बसवणं ही मला तरी खोटी काटकसर वाटते. लॉक-अप क्लच त्याच्याच आत असतो आणि पाण्याचा पहिला फटका त्यालाच बसलेला असतो.

सेकंड हँड गाडीत अडचण हीच असते की पाणी कधीपासून आत आहे हे नव्या मालकाला कळायला मार्ग नसतो. आधीच्या मालकाने गुपचूप तेल बदलून गाडी विकली असेल तर तेल लाल दिसतं आणि कागद ओलाच राहतो. म्हणून गुलाबी तेलाची गाडी घ्यायचीच असेल तर रिबिल्डचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून घ्यावी. विकणारा त्याला तयार नसेल तर सौदा सोडावा.

चौकट : गाडी घेण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना

• एक्स्पान्शन टाकीचं झाकण उघडून आत बोट फिरवा. चिकट, तेलकट थर लागला तर पुढे जाऊ नका. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

• गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल तर तेल पांढऱ्या कागदावर टेकवा. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, तिथे गाडी लिफ्टवर घेऊन तपासणीच्या बोल्टमधून थोडं तेल काढायला सांगा. विकणारा नकार देत असेल तर त्याचं कारण विचारा.

• साठ ते ऐंशीच्या वेगात हलक्या पायाने किमान दहा मिनिटं चालवा. थरथर गरम झाल्यावरच जास्त कळते.

• सर्व्हिसची बिलं बघा. कूलंट वारंवार भरलाय पण दुरुस्ती नाही, हे दिसलं तर सावध व्हा.

आपल्याकडच्या गाड्यांचं काय?

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना हा धोका नाही. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओतून आणलेली आणि नंतर अनेक छोट्या गाड्यांत पसरलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं एवढंच त्यात यंत्र करतं. तिचं तेल रेडिएटरकडे जात नाही. धोका आहे तो टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत, सीव्हीटीमध्ये आणि ओल्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये, जिथे तेल कूलंटने गार केलं जातं. सीव्हीटीमध्ये तर पोलादी पट्टा आणि पुली यांची पकडच तेलाच्या नेमक्या गुणावर उभी असते. पाण्याला तिथे आणखी कमी माफी आहे.

महाराष्ट्रात दुधाळ तेलाचं आणखी एक कारण संभवतं, पुराचं पाणी. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करायला एक छोटी नळी असते. गाडी त्या उंचीच्या वर बुडाली की पाणी तिथून आत जातं. अशा तेलात पाणी सापडतं, ग्लायकॉल सापडत नाही, आणि रेडिएटर धडधाकट असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात हा फरक दिसला तर गिअरबॉक्सवर थांबू नका. कार्पेट उचलून सीटच्या रुळांवर गंज आणि वायरिंगच्या जोडांत गाळ आहे का ते बघा. ती गाडी बुडालेली आहे.

ज्यांची गाडी आज ठणठणीत आहे त्यांच्यासाठी काम थोडंच आहे. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत कूलंट बदला. वर भरायचा तर त्याच प्रकारचा भरा. रंग सारखा आहे म्हणून प्रकार सारखा असतो असं नाही. घट्ट कूलंट पातळ करायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. दहा वर्षांपुढच्या ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर गळत नसला तरी, गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर तो बदलून टाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि एक विनंती गॅरेजवाल्यांना. गिऱ्हाईक कूलंट कमी झाल्याची तक्रार घेऊन येतं, खाली गळती दिसत नाही आणि गाडी ऑटोमॅटिक आहे, अशा वेळी टाकी भरून गाडी परत देऊ नका. आधी गिअरबॉक्सचं तेल काढून बघा आणि ते गिऱ्हाइकालाही दाखवा.